स्लीव्ह सर्जरीनंतर सातवा आठवडा: पोळी अडकते, प्रोटीन भरत नाही, व्यायाम किती?

अनुप_नाशिक

आईची (वय ५८, शाकाहारी, अंडंही चालत नाही) स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन उतरवायला जठर लहान करायचं ऑपरेशन) होऊन सातवा आठवडा चालू आहे. वजन १०४ वरून ९१ किलोवर आलंय. मधुमेह आणि बीपी जुनंच. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी, दोन्ही ऑपरेशनच्या आधीच्याच डोसने चालू आहेत. उपाशीपोटी शुगर ८५ ते ९५ येते.

पोळीचे दोन-तीन घास झाले की छातीत अडकतं, लाळ सुटते आणि फेसाळ उलटी होते. पेज, साबुदाण्याची खीर, चहात बुडवलेली मारी बिस्किटं मात्र व्यवस्थित जातात, त्यामुळे दिवसभर तेच चालतं. रोज ६०-७० ग्रॅम प्रोटीन घ्या असं डिस्चार्जच्या वेळी सांगितलंय. आम्ही हिशोब केला तर ३० च्या पुढे जात नाही. चालणं रोज २० मिनिटं, पण उठून उभं राहिलं की कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते. जवळच्या जिममधला ट्रेनर म्हणतो, आता प्लँक आणि क्रंचेस सुरू करा म्हणजे पोट लोंबणार नाही. शिवाय श्रावण तोंडावर आलाय आणि आईला सोमवार सोडायचे नाहीत.

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. तोवर घरी काय बदलावं?

पथ्यपाणी

आधी पोळी. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते ती अरुंद नळी, सुरुवातीला १०० ते १५० मिलि मावेल एवढी. गव्हात ग्लुटेन असतं, त्यामुळे मऊ पोळी नीट चावली गेली नाही की लाळेत तिचा पुन्हा चिकट गोळा होतो आणि नळीच्या चिंचोळ्या जागी अडतो. पावाचंही तेच. म्हणूनच ‘पोळी अजून मऊ करून देऊ’ हा घरोघरचा उपाय उलटा पडतो. पातळ फुलका तव्यावर कडक करून द्या, किंवा चतकोर ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून पाच मिनिटं भिजू द्या. आणि अजून महिनाभर पोळी-भाकरी पोटात गेलीच नाही तरी काहीही बिघडत नाही. जेवण झाल्यासारखं वाटत नाही म्हणून ती ताटात येते, एवढंच.

घास करंगळीच्या नखाएवढा. २०-२५ वेळा चावायचा, गिळल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मग पुढचा. लहान मुलांचा चमचा वापरा. जेवण २० ते ३० मिनिटांत आटपायचं. उचकी लागली, नाक वाहायला लागलं किंवा बरगड्यांच्या मधोमध दाब वाटला की पोट भरलं समजा. पुढचा घास ‘वाया जाईल’ म्हणून घ्यायचा नाही. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. बाकी दिवसभरात घोट-घोट करून दीड ते दोन लिटर. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद.

पोळी अडते पण वरण जातं, याचा अर्थ बहुधा खाण्याची पद्धत सुधारायला हवी. पण काल जाणारं वरण आज अडतंय, उद्या ताकही अडतंय, असं होत गेलं तर नळी आकसत असू शकते. ते दुर्बिणीने बघावं लागतं आणि फुगा घालून रुंद करता येतं. पाणीही टिकत नसेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जनकडे जा. उलट्या दोन-तीन आठवडे चालू राहिल्या तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-१, संपतं. मग चालताना तोल जातो, डोळ्यांना दोन-दोन दिसतं, बोलण्यात गोंधळ होतो. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आलीच तर ‘जठराची शस्त्रक्रिया झालीय, आधी थायमिन द्या’ हे स्वतःहून सांगा.

आता मला खरी काळजी वाटते ती पेज, खीर आणि बिस्किटांची. जे त्रास न देता घसरत जातं ते नळीत थांबत नाही, म्हणून पोट भरत नाही, म्हणून तासाभराने परत हात डब्याकडे जातो. आज मारी बिस्किट आहे, वर्षभराने शेव, चिवडा, चकली होते. सर्जरीनंतर वजन पुन्हा चढतं त्यात या सवयीचा वाटा मोठा असतो. शिवाय यात प्रोटीन जवळजवळ नाहीच. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. नाचणी सत्त्वाच्या वाटीत २० ग्रॅम पीठ धरलं तर प्रोटीन दीड ग्रॅमसुद्धा नाही. वरणाचं वरचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी हे सगळं प्रोटीनच्या हिशोबात शून्य धरा.

शाकाहारी दिवस साधारण असा बसतो. सकाळी सातला २०० मिलि साय काढलेलं दूध, त्यात व्हेचा, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रोटीन पावडरचा, अर्धा स्कूप: १८ ग्रॅम. साडेनऊला ३० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून एक छोटं धिरडं, आत २५ ग्रॅम पनीर किसून: ११. साडेबाराला ३० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा मुगाची पूर्ण शिजवून ठेचलेली उसळ, सोबत दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी दोन चमचे: ७. चारला ६० ग्रॅम बिनसाखरेचा चक्का, जिरेपूड घालून: ५. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा दूध आणि अर्धा स्कूप: १८. आठला ५० ग्रॅम पनीरची भुर्जी: ९. बेरीज ६८. एखाद्या वेळी अर्धंच खाल्लं जाईल, तरी साठीच्या आसपास राहाल. डाळ कोरडी असतानाच वजनकाट्यावर मोजा. ‘एक वाटी वरण’ या मापाला अर्थ नाही, कारण वाटीत डाळ किती आणि पाणी किती हे घरागणिक बदलतं.

ताटात काय आधी खायचं याचाही क्रम ठरवा: पनीर किंवा डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. आपल्याकडे घास पोळीचा आणि भाजी तोंडी लावणं, हे उलटं करायचंय.

फोडणी_कमी

पावडर कशाला गळ्यात मारता? सत्तू, सोयाबीन, डाळी असताना डब्यातलं खाऊन किडनी खराब करून घ्यायची? आमच्याकडे सगळ्यांना सत्तूच देतात.

पथ्यपाणी

सत्तू वाईट नाही, पण हिशोब मांडा. ३० ग्रॅम सत्तूत साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि त्याच्या तिपटीजवळ पिष्टमय भाग. पेला भरतो, पोटही भरतं आणि आकडा तिथेच राहतो. नळी शंभर मिलिची असताना थोडक्या जागेत जास्त प्रोटीन हवं, म्हणून पहिल्या सहा महिन्यांत पावडरचा आधार. पुढे जेवण वाढलं की ती सुटते. सोयाबीनच्या वड्या चांगल्या: १५ ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळजवळ ८ ग्रॅम. मात्र उकळून, पाणी दोनदा पिळून काढून मिक्सरमधून खिम्यासारख्या बारीक करा. अख्खी वडी या आठवड्यात अडकेल.

किडनीबद्दल: क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर दिवसाला ६०-७० ग्रॅम हे काही अति प्रोटीन नव्हे. आधीच किडनीचा आजार असेल तर आकडा नेफ्रॉलॉजिस्टने ठरवायचा. मधुमेह जुना आहे, तेव्हा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन एकदा बघून घ्या.

विकत घेताना ‘मास गेनर’ उचलू नका, त्यात बहुतांश साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन असतं. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीही नकोत. डब्यामागे एका स्कूपला २४-२५ ग्रॅम प्रोटीन आणि दोन-तीन ग्रॅमपेक्षा कमी साखर असं दिसलं पाहिजे. दुधाने गॅस किंवा जुलाब होत असतील तर व्हे आयसोलेट घ्या, त्यात लॅक्टोज नाममात्र असतं. आणि पावडर उकळत्या दुधात टाकली तर गुठळ्या होतात, कोमट दुधात घुसळा.

सांधा_न_सांधा

व्यायामावर लिहितो, पण आधी ती अंधारी. वजन उतरलंय, खाणं-पिणं घटलंय आणि क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी-मीठ काढतंय. बीपी खाली जाण्याला याहून कारण लागत नाही. घरच्या मशीनवर असं बघा: पाच मिनिटं आडवं झोपून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांना आजच फोन करून आकडे सांगा. मनाने गोळी बंद करू नका आणि तीन आठवडे थांबूही नका. हे निस्तरेपर्यंत एकटीने फिरायला पाठवू नका.

प्लँक आणि क्रंचेस आत्ता अजिबात नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बाहेरची छिद्रं बारीक दिसतात, पण आतल्या स्नायूंच्या आवरणाला भरायला वेळ लागतो. पोटावर जोर दिला की छिद्राच्या जागी हर्निया होऊ शकतो. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचं नसतं, पोटाचे थेट व्यायाम तीन महिन्यांनंतर आणि सर्जनने हो म्हटल्यावर. कपालभाती, भस्त्रिका त्याच यादीत. आणि ट्रेनरला हेही सांगा की लोंबणारी कातडी क्रंचेसने आवळत नाही. कातडी वेगळी, स्नायू वेगळे.

चालणं आता २० वरून दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवत ४० पर्यंत न्या. एकदम जमत नसेल तर सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. पुढे आठवड्याला १५० मिनिटं हा किमान पल्ला, वजन टिकवायला त्याहून जास्त लागतं. चप्पल घालून नको, मागे घट्ट बसणारे बूट घ्या. गुडघे दुखत असतील तर जिने टाळून सपाट मैदान. टाके पूर्ण भरले असतील तर पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालणं गुडघ्यांना फार मानवतं.

लोक चालण्यावरच थांबतात, ही गडबड. वेगाने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि ५८ व्या वर्षी गेलेले स्नायू परत मिळवणं कष्टाचं. म्हणून आठवड्यातून दोनदा, मधे किमान एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम हवेत. सर्जनला विचारून आठव्या आठवड्यापासून घरच्या घरी एवढं पुरे: न हलणाऱ्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात छातीवर ठेवून उठणं-बसणं ८ वेळा. भिंतीला तळवे टेकून दंड ८ वेळा. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे खेचणं १० वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणं १२ वेळा. प्रत्येकाचे दोन-दोन फेरे, मधे दीड मिनिट विश्रांती. जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा. श्वास कोंडून धरला की पोटावर दाब येतो आणि बीपीही चढतं. शेवटच्या दोन वेळा जड जातील इतपत हवं. दोन्ही फेऱ्यांत १२ वेळा सहज उठता यायला लागलं की बसणं मुद्दाम हळू करा, चार आकडे मोजत.

मोजमाप म्हणून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते महिन्यातून एकदा लिहून ठेवा. वजनकाटा खाली जातोय आणि हा आकडाही खाली जातोय, तर स्नायू जातायत: प्रोटीन किंवा व्यायाम कुठेतरी कमी पडतंय.

खाल्ल्यावर तासभर व्यायाम नको. स्लीव्हनंतर आंबट पाणी वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, त्यात सूर्यनमस्कारासारखं पुढे वाकणं भर घालतं.

औषधाची_चिठ्ठी

वरच्या बीपीच्या मुद्द्याला जोडून: ग्लिमेपिराइडचंही आजच विचारा. ही गोळी खाणं झालं का नाही ते न बघता इन्सुलिन सोडायला लावते. खाणं एवढं कमी आणि उपाशीपोटी शुगर ८५, म्हणजे दुपारी कधी ६० ला जाईल सांगता येत नाही. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर लगेच शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासा. एरवी साखर बंद असली तरी त्या वेळी द्यायचीच.

कॅल्शियम, लोह, बी-१२, डी-३ यांचं काय चालू आहे ते लिहिलं नाहीत.

अनुप_नाशिक

फोन करून दोन्ही डॉक्टरांशी बोललो. ग्लिमेपिराइड बंद केली, बीपीसाठी नुसती टेल्मिसार्टन ठेवली. आठवडाभर दोन्ही वेळचे आकडे लिहून पाठवायला सांगितलेत.

गोळ्या: कॅल्शियमच्या स्ट्रिपवर ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ लिहिलंय, सकाळी एक आणि रात्री एक. म्हणजे २००० झाले ना? रात्रीच्या गोळीबरोबरच लोहाची घेते. एक मल्टिव्हिटॅमिन सकाळच्या चहाबरोबर. बी-१२ वेगळं नाही.

औषधाची_चिठ्ठी

नाही झाले. १००० मिलिग्रॅम हे सायट्रेट क्षाराचं वजन. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्के, म्हणजे २१० मिलिग्रॅम. दोन गोळ्यांचे ४२०. स्ट्रिपवर बारीक अक्षरात ‘एलिमेंटल कॅल्शियम’ असेल तो आकडा धरायचा. गरज अन्न धरून दिवसाला १२०० ते १५०० ची. वर सांगितलेलं ४०० मिलि दूध आणि पनीर-चक्का नीट गेलं तर त्यातून सहा-सातशे येतात. उरलेलं गोळ्यांतून, एका वेळी ५०० पेक्षा जास्त नाही, कारण त्यापुढचं नीट शोषलं जात नाही. म्हणजे अशा तीन-चार गोळ्या, दोन-तीन वेळांत वाटून. डॉक्टरांना हा हिशोब दाखवा आणि डोस नक्की करून घ्या. दुकानदार ‘५०० वाली एकच घ्या’ म्हणेल. ती बहुधा कार्बोनेटची असते, तिला जठरातलं आम्ल लागतं आणि इथे जठर लहान, वर आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलसारखी गोळी या काळात बहुधा चालू असते. सायट्रेटच ठेवा.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं की दोघंही एकमेकांना अडवतात. मधे दोन तास हवेत. लोह चहा-कॉफी-दुधाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर चालेल. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, म्हणून तीही चहापासून तासभर लांब. सोपं वेळापत्रक: सकाळी मल्टिव्हिटॅमिन, दुपारी आणि संध्याकाळी कॅल्शियम, झोपताना लोह.

बी-१२ वेगळं लागतंच. ते शोषायला लागणारा घटक जठराच्या काढलेल्या भागातच जास्त तयार व्हायचा, त्यात आई शाकाहारी, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं असेल तर ते आणखी खाली. रोज ५०० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. डी-३ चं ६०,००० चं पाकीट आठवड्याला एक, किती आठवडे ते रक्तातल्या पातळीवरून ठरतं. वर्षानुवर्षं आपल्या मनाने घेत राहू नये.

अंगदुखीला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नव्हे, वजनासाठीच जठर थेट आतड्याला जोडायचं ऑपरेशन) झालेल्यांना तर जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो, त्यांनी कायमच लांब राहावं. मिश्री-तंबाखूही त्याच कारणाने बंद.

शेंगदाणाकूट

श्रावणाचं राहिलं. दिवसभर कडकडीत आणि संध्याकाळी एकदम सोडणं हे आता शरीराला जमणारच नाही, कारण एका बैठकीत वाटीभरापलीकडे जागाच नाही. दिवसाचं प्रोटीन एका वाटीत कुठून बसणार? निर्जळी तर पाण्याच्या हिशोबाने सरळ धोकादायक. पण आईंना ‘सोमवार सोडा’ म्हणायचं कारण नाही. सहा वेळांचं वेळापत्रक तसंच ठेवा, पदार्थ उपासाचे करा: दूध, चक्का, पनीर, ताक, राजगिऱ्याचं पातळ थालीपीठ, दाण्याची आमटी मिक्सरमधून अगदी गुळगुळीत. दाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आहे, पण तेलही भरपूर, म्हणून १५-२० ग्रॅमच्या वर नको. साबुदाण्याची खिचडी चिकटते, बटाट्याच्या पापडाने पोट भरत नाही, दोन्ही सोडा. व्हे दुधापासूनच काढतात, त्यामुळे ज्यांना दूध चालतं त्यांना बहुतेक घरांत तीही चालते. घरात विचारून ठरवा. गोळ्या उपासालाही चुकवायच्या नाहीत.

पुढे गणपतीत मोदक येईलच. गूळ-साखर रिकाम्या पोटी गेली की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा. बायपासवाल्यांना हे जास्त, स्लीव्हवाल्यांनाही होतं. द्यायचाच तर जेवणातलं पनीर-वरण झाल्यावर, तळलेला नाही, उकडीचा, चतकोर, आणि उकड चिकट म्हणून ती बाजूला काढून नुसतं सारण चमचाभर.

पथ्यपाणी

अनुप, तपासणीला जाताना लागोपाठ तीन दिवसांची खाण्याची नोंद ग्रॅममध्ये न्या, बीपी-शुगरची वही न्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा पिशवीत टाका. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी-३, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन विचारा. साधारण तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात, मग दरवर्षी. पित्ताशय जागेवर असेल तर अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड चालू आहे का तेही विचारा. झपाट्याने वजन उतरताना खडे होतात, म्हणून पहिले सहा महिने ती देतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतील. घाबरून बायोटिनच्या बाटल्या आणू नका, आधी फेरिटिन आणि प्रोटीन बघा. दोन्ही ठीक असतील तर बहुतेकदा सहा-आठ महिन्यांत परत येतात.